साहसखेळातून स्थानिक किंमत: टॅब हातात देण्याआधी, देताना आणि नंतर काय करायचं

खेळात मुलाला तीन तारे मिळतात, गुहेचं दार उघडतं, खजिना सापडतो. वही उघडली की तेच मूल तीनशे पाच हा आकडा ३००५ असा लिहितं. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते, म्हणजेच स्थानिक किंमत, ती त्याला उमगलेली नसते. दुसरी-तिसरीच्या वर्गात आणि घरी टॅब देऊन मुलांना बसवणाऱ्या पालकांकडे हे इतक्यांदा दिसतं, की सगळं क्रमाने एकदा लिहून काढायची गरज वाटली. दोष बहुतेक वेळा मुलाचा नसतो. खेळ चुकीचा निवडलेला असतो किंवा चुकीच्या वेळी हातात दिलेला असतो.

पुढच्या सगळ्या टप्प्यांमागे एकच आग्रह आहे. दहाचा गठ्ठा मुलाने स्वतः बांधला पाहिजे आणि गरज पडली की स्वतःच सोडला पाहिजे. खेळाने ते काम परस्पर उरकलं, तर मूल फक्त बटणं दाबायला शिकतं.

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टांप्रमाणे पहिलीअखेर ९९, दुसरीअखेर ९९९ आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या मुलाला वाचता-लिहिता यायला हव्यात. इथे सांगितलेला क्रम मुख्यतः दुसरीसाठी आहे. तिसरीत मागे राहिलेल्या मुलांनाही तो तसाच चालतो.

## टप्पा १: टॅब बाजूला ठेवा, मूल कुठे अडलंय ते पाहा

प्रत्येक मुलामागे पाच मिनिटं काढा. चाळीस मुलांच्या वर्गात एका दिवसात हे होत नाही. रोज परिपाठानंतर चार-पाच मुलं घेतली तरी चालेल, पण ही पायरी गाळू नका. तीन छोटी कामं द्यायची आहेत.

सोळा काड्या. मुलासमोर सोळा काड्या ठेवा आणि कागदावर १६ लिहा. सहावर बोट ठेवून म्हणा, "एवढ्या काड्या दाखव." मूल सहा काड्या बाजूला काढतं. मग एकावर बोट ठेवा: "आता हा जो १ आहे, तेवढ्या दाखव." पुष्कळ मुलं एकच काडी उचलतात. नऊ काड्या तशाच पडून राहिल्या, याचं त्यांना काही वाटत नाही. "मग या उरलेल्या कुठे गेल्या?" असं विचारल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला तर चांगलं लक्षण आहे. गोंधळ दिसला नाही, तर टप्पा २ ला भरपूर वेळ द्यायचा, हे ठरलं.

ढीग मोजणं. तीस-चाळीस काड्यांचा ढीग द्या आणि किती आहेत ते विचारा. मध्येच कोणीतरी बोललं, मोजणी तुटली, तर मूल पुन्हा एकपासून सुरुवात करतं का? की दहा-दहाचे ढीग करून ठेवलेत, म्हणून तिथूनच पुढे जातं?

ऐकून लिहिणं. एकवीस, सत्तेचाळीस, एकोणतीस, ऐंशी, एकशे सात, तीनशे पाच. एवढे सहा आकडे पुरतात.

तिसऱ्या कामातल्या चुका वाचताना जपून राहा, कारण तिथे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळलेल्या असतात. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. मूल जसं ऐकतं तसं लिहितं: ७४. एकोणतीसमध्ये 'तीस' ऐकू येतं, म्हणून ३९ किंवा ३१ होतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचनही दिलं, ते याच अडचणीसाठी. त्यावर मोठा वाद झाला आणि बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका जाहीरपणे मांडली. वादात कोणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण वर्गातली अडचण खरी आहे. मी दोन्ही वापरते: आधी 'चाळीस आणि सात', लगेच त्याच श्वासात 'सत्तेचाळीस'.

आता ही अडचण नावाची की स्थानाची, हे ओळखायचं कसं? ज्याने ७४ लिहिलं त्याला सांगा, "सत्तेचाळीस काड्या मांड." त्याने चार गठ्ठे आणि सात सुट्या मांडल्या, तर त्याला स्थानिक किंमत कळलेली आहे. त्याला संख्यावाचनाचा सराव हवा आणि तो या खेळातून फारसा मिळणार नाही. पण जो ३००५ लिहितो, त्याच्या बाबतीत नावाचा दोष नाही. त्याने तीनशे लिहिले आणि पुढे पाच ठेवले. शून्याने जागा धरून ठेवायची असते, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

> तपासा: वीसपर्यंतच्या वस्तू एकेक बोट ठेवत, न चुकता मोजता येत नसतील तर पुढचं सगळं थांबवा. आधी मोजणी पक्की करा.

## टप्पा २: हाताने बांधणं आणि सोडणं

साहित्य साधंच आहे: आईस्क्रीमच्या काड्या किंवा कापलेले स्ट्रॉ, भरपूर रबर बँड आणि दोन रकाने आखलेली पाटी. उजवीकडे सुटे, डावीकडे दशक. शाळेत शंभर मण्यांची गणितमाळ असेल तर भिंतीला लावून ठेवा.

घरी काड्या नसतील तर चिंचोके चालतात. पण चिंचोक्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, म्हणून दहा-दहाच्या पुड्या कराव्या लागतात. पुडी पारदर्शक प्लास्टिकची असू द्या. आतले दहा दिसले पाहिजेत. कागदात गुंडाळले की मुलाच्या लेखी ती 'एक पुडी' होते आणि दहा नाहीसे होतात.

नियम एकच: सुट्यांच्या रकान्यात नऊपेक्षा जास्त काही राहू शकत नाही. दहावी काडी आली की बांधा आणि डावीकडे सरकवा. हाच नियम पुढे खेळात जसाच्या तसा येणार आहे, म्हणून इथे शब्दही तेच वापरा. आज 'गठ्ठा', उद्या 'जुडी', परवा 'दशक' असं केलं तर मुलाला तीन गोष्टी वाटतात.

बांधण्याइतकंच सोडण्याला महत्त्व द्या. मुलाकडे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या आहेत. तुम्ही म्हणता, "मला पाच दे." मूल अडतं, गठ्ठ्याकडे बघतं, तुमच्याकडे बघतं. या क्षणी काहीही बोलू नका. रबर काढायचं त्याला सुचू द्या. हातच्याची वजाबाकी पुढे ज्यांना छळते, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी एकही गठ्ठा स्वतःच्या हाताने सोडलेला नसतो.

खेळातल्या नोटा, म्हणजे १, १० आणि १०० च्या, या टप्प्यात आणू नका. दहाची नोट एकाच्या नोटेच्या दहापट मोठी दिसत नाही. ती 'दहा आहे' हे मुलाला मानून चालावं लागतं. दहाच्या काड्या मात्र डोळ्यांसमोर असतात. नोटांची जागा नंतर आहे.

> इशारा: वेळ वाचवण्यासाठी आधीच बांधून ठेवलेले गठ्ठे वाटू नका. निदान पहिले चार-पाच तास तरी प्रत्येक गठ्ठा मुलाच्याच हातून होऊ द्या. वर्गात गोंगाट होईल, काड्या बाकाखाली जातील. तो वेळ फुकट गेलेला नसतो.

## टप्पा ३: तयार खेळ पारखून घ्या

तयार खेळ घेणार असाल तर मुलाच्या आधी तुम्ही खेळा आणि पहिल्या दहा मिनिटांत एवढं बघा.

दार कशाने उघडतं? '५८ मध्ये दशकस्थानी कोणता अंक?' असा प्रश्न आणि खाली चार पर्याय असतील, तर ती नुसती प्रश्नपत्रिका आहे, वर जंगलाचं चित्र लावलेलं. न वाचता चारही पर्याय दाबले तरी दार उघडतं आणि मुलांना हे पहिल्याच दिवशी कळतं.

दहा सुटे झाले की खेळ आपोआप त्यांचा एक दशक करतो का? दिसायला ते फार सुरेख असतं, दहा मणी उडत येऊन चिकटतात. पण मुलाने केलं काहीच नाही. असा खेळ सराव म्हणून नंतर चालेल, शिकवण्यासाठी नाही.

चुकल्यावर काय होतं? नुसती लाल फुली आणि भोंगा असेल तर मूल काय चुकलं ते न कळता दुसरं बटण दाबतं. आपण किती दिले आणि किती हवे होते, हे त्याला दिसलं पाहिजे.

घड्याळ बंद करता येतं का? टिकटिक सुरू झाली की मूल विचार सोडून देतं. वेळेचं बंधन असलेला खेळ या वयात, या विषयाला नको.

आणि अंक कोणते? मुलाच्या वहीत १, २, ३ देवनागरीत असतील तर खेळातही देवनागरीच हवेत. सेमी-इंग्लिशचं मूल असेल तर त्याच्या गणिताच्या पुस्तकाप्रमाणे. काही फाँटमध्ये ५ आणि ८ यांची वळणं आपल्या पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळी दिसतात, तेही बघून घ्या.

## टप्पा ४: स्वतः खेळ रचायचा असेल तर आधी गोष्ट आणि नियम

माझ्या मते दुसरीच्या शिक्षकाने एक तरी छोटा खेळ स्वतः रचावा. आपल्या वर्गातली नेमकी चूक समोर ठेवून केलेला साधा खेळही मोठ्या खेळापेक्षा जास्त कामाला येतो. मुलांच्या ओळखीची जागा त्यात आली की ती गोष्टीत लगेच शिरतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मुलांना पूल, खाडी, खारफुटी, रोहित पक्षी, किल्ला हे सगळं हाताशी आहे.

### वस्तू निवडताना सगळ्यात मोठी चूक

साहस म्हटलं की वाशीचं एपीएमसी मार्केट आणि आंब्याच्या पेट्या पटकन सुचतात. घेऊ नका. आंबे डझनावर मोजले जातात, केळी आणि अंडीसुद्धा. ज्या मुलाने घरी 'बारा म्हणजे एक डझन' ऐकलंय, त्याला आपण 'दहा म्हणजे एक पेटी' सांगतो आणि नसता गुंता करून ठेवतो. लोकलचे डबेही तसेच. 'दहा डब्यांची एक गाडी' म्हणालात तर मागच्या बाकावरून हात वर येईल: "बाई, गाडी बारा डब्यांची असते." मूल बरोबर असतं.

वस्तू अशी निवडा, जिचे दहा करण्याला आधीचा कोणताही रिवाज आड येत नाही. मी शिंपले वापरते. दहा शिंपल्यांची एक माळ, दहा माळांची एक टोपली. माळ दहा शिंपल्यांइतकी लांब दिसते, टोपलीत दहा माळा दिसतात, आणि भिंतीवरच्या गणितमाळेशी हे सहज जुळतं.

### गोष्ट

गोष्ट दोन ओळींत सांगता आली पाहिजे. एक मुलगी होडी घेऊन ऐरोलीहून निघते आणि तिला खाडीच्या वाटेने बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत पोचायचं आहे. वाटेत शिंपले गोळा करायचे आणि जिथे कोणी मागेल तिथे मोजून द्यायचे. बस्स. राक्षस, तलवारी, पाच-सहा पात्रं घातली की मूल गोष्टीत रमतं आणि शिंपले मोजायचे राहून जातात.

होडीत तीन खण आखा: डावीकडे टोपल्या, मध्ये माळा, उजवीकडे सुटे शिंपले. क्रम कधीही बदलू नका. मोकळा खण मोकळा दिसला पाहिजे, तो गायब व्हायला नको. हे शून्यासाठी लागणार आहे.

### पातळ्या, याच क्रमाने

पहिली: ऐरोलीचा पूल. फक्त गोळा करायचं आणि बांधायचं. सुट्यांच्या खणात नऊच जागा. दहावा शिंपला उचलला की होडी थांबते आणि 'बांध' हे बटण मुलाने दाबेपर्यंत हलत नाही. बटण नुसतं दाबून भागता कामा नये. दहा शिंपल्यांवर एकेक बोट फिरवून ते दोरीत ओवायचे. थोडं कंटाळवाणं वाटेल, पण या पातळीचं सगळं मोल त्या ओवण्यात आहे. संख्या साठच्या आत ठेवा.

दुसरी: खारफुटी. इथे मागणी सुरू होते. रोहित पक्षी म्हणतो, "बेचाळीस दे." मूल चार माळा आणि दोन सुटे देतं, किंवा तीन माळा आणि बारा सुटे देतं. दोन्ही उत्तरं बरोबर धरा. पहिल्यांदा खेळ रचणारे बहुतेकजण इथेच फसतात. ते फक्त 'चार आणि दोन' स्वीकारतात आणि मुलाला वाटतं, बेचाळीस म्हणजे ४ आणि २ हे दोन अंक. तीन दशक बारा सुटे हेही बेचाळीसच, हे ज्याला कळलं त्याला पुढे हातच्याची भीती राहत नाही. या पातळीपुरती सुट्यांच्या खणातली नऊची अट काढून टाका.

तिसरी: ओहोटी. घणसोली-कोपरखैरणेच्या बाजूला पाणी उतरलंय, होडी हलकी करायची आहे. मुलाकडे तीन माळा आणि पाच सुटे आहेत, आठ शिंपले किनाऱ्यावर ठेवायचे आहेत. 'सोड' हे बटण आता पहिल्यांदा दिसतं. ते कधी वापरायचं याची सूचना देऊ नका. मुलाने पूर्ण माळच उचलून ठेवली तर खेळाने फक्त दाखवावं: 'दहा ठेवलेस. आठ हवे होते.' आणि माळ होडीत परत.

चौथी: वाशीचा पूल. दहा माळांची टोपली आणि तिच्याबरोबर शून्य. या पातळीवर घाई करू नका, जमलं तर तिचे दोन भाग करा. आधी ३५० आणि ३०५ ही जोडी समोरासमोर आणा: एका होडीत तीन टोपल्या आणि पाच माळा, दुसरीत तीन टोपल्या आणि पाच शिंपले. दोन्ही होड्यांत तीन आणि पाच आहेत, तरी एक होडी कितीतरी जड दिसते. मग विचारा, आकडा कसा लिहायचा म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की कोणती होडी कोणती?

३००५ लिहिणाऱ्यांसाठी पडद्यावर संख्याकार्डं द्या: ३०० चं लांब कार्ड आणि ५ चं छोटं. मूल ५ चं कार्ड ओढून ३०० च्या उजव्या टोकावर, शेवटच्या शून्यावर ठेवतं. खाली ३०५ दिसतं. कार्डं शेजारी शेजारी ठेवली तर ३००५ होतं आणि खेळ तेवढे शिंपले होडीत ओतून दाखवतो. होडी बुडते. मुलं हसतात, पण पुन्हा शेजारी ठेवत नाहीत. हीच कार्डं पुठ्ठ्याची करून वर्गातही ठेवा.

पाचवी: बेलापूरचा किल्ला. आता आधार काढायचे. शिंपल्यांची चित्रं जातात, अंक राहतात. मागणी मुद्दाम उलटसुलट क्रमाने करा: 'सहा शिंपले, दोन टोपल्या, चार माळा.' तोवरच्या पातळ्यांत टोपली-माळ-शिंपला हाच क्रम असेल, तर कानावर पडतील तसे अंक लिहूनही मूल २४६ बरोबर लिहितं. खरं समजलंय का, ते क्रम मोडल्यावरच दिसतं.

> इशारा: टोपली लाल, माळ निळी, शिंपला पिवळा असे रंग पहिल्या पातळीत मदत करतात. पाचवीत ते काढून टाका, नाहीतर मूल जागा न बघता रंग बघतं.

## टप्पा ५: यंत्राची बाजू

स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून खेळ रचायचं सॉफ्टवेअर, मोफत आहे आणि त्याचं ॲप संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. तीन व्हेरिएबल (आकडा साठवायच्या जागा) लागतील: टोपल्या, माळा, सुटे. होडीतली एकूण संख्या त्यांवरून काढा, वेगळी साठवू नका. वेगळी साठवली की बांधताना-सोडताना दोन्हींत तफावत येते आणि चूक सापडता सापडत नाही.

दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, मुलाकडून उत्तर टाईप करून घेणं. देवनागरी कीबोर्डवरून ४७ लिहिलं तर स्क्रॅच ते संख्या म्हणून धरत नाही. बेरीज-वजाबाकीत त्याची किंमत शून्य होते आणि बरोबर उत्तर देऊनही मूल चूक ठरतं. म्हणून टायपिंग नकोच. पडद्यावर अंकांची कार्डं ठेवा आणि ती उचलून खणात टाकायला सांगा. दुसरं, प्रत्येक शिंपल्याचा वेगळा क्लोन (चित्राची प्रत) केला तर चौथ्या पातळीत अडचण येते, कारण एका प्रकल्पात ३०० च क्लोन चालतात. माळ हे एकच चित्र ठेवा, दहा शिंपले काढलेलं. टोपलीचंही तसंच.

लहान मुलांसाठीच्या स्क्रॅच ज्युनिअरमध्ये व्हेरिएबल नाहीत, त्यामुळे मोजणी ठेवता येत नाही. या कामाला ते घेऊ नका.

कोडिंग नको असेल तर पॉवरपॉइंटवरही दुसरी आणि पाचवी पातळी होते. प्रत्येक पर्यायाला दुव्याने वेगळी स्लाइड जोडा आणि चुकीच्या प्रत्येक पर्यायासाठी स्वतंत्र स्लाइड करा, त्यावर मुलाने निवडलेली रास दाखवा. मात्र 'सेट अप स्लाइड शो'मध्ये जाऊन 'कियॉस्क' हा पर्याय निवडायला विसरू नका. नाहीतर पडद्यावर कुठेही बोट लागलं की पुढची स्लाइड येते आणि मूल खाडी न ओलांडताच किल्ल्यात पोचतं.

> तपासा: खेळ वर्गात नेण्याआधी मुद्दाम चुका करून बघा. दहा सुटे नसताना 'बांध' दाबा. माळ नसताना 'सोड' दाबा. सगळी बटणं भराभर दाबा. मुलं हेच करणार आहेत.

## टप्पा ६: वर्गात खेळवताना

दोघांत एक टॅब. एकाच्या हातात खेळ, दुसऱ्याच्या हातात वही. वहीवाल्याचं काम म्हणजे प्रत्येक थांब्यावर होडीत काय आहे ते लिहिणं: आधी चित्र, मग 'टोपल्या, माळा, सुटे' असे रकाने, मग आकडा. एक थांबा झाला की अदलाबदल. तिघं बसवले तर तिसरा खिडकीबाहेर बघतो. एकट्याला दिलं तर तो बोलत नाही, आणि या विषयात बोलणं फार महत्त्वाचं आहे.

वर्गात एकच स्मार्ट टीव्ही असेल तरी भागतं. पडद्यावर होडी, प्रत्येक बाकावर काड्या. पडद्यावर काही करण्याआधी सगळ्या वर्गाने ते काड्यांनी करायचं आणि मगच एकजण येऊन पडद्याला हात लावणार. वीज गेली तर खेळ काड्यांवर पुढे चालू राहतो.

वीस मिनिटं खेळ, दहा मिनिटं गप्पा. गप्पा कापून खेळ वाढवू नका.

मूल चुकल्यावर लगेच दुरुस्त करायचा मोह आवरा. दुसरीतल्या एका मुलीच्या होडीत तीन माळा आणि सतरा सुटे होते. तिने वहीत लिहिलं: ३१७. वर्गात सर्वाधिक दिसणाऱ्या चुकांपैकी ही एक. खोडून ४७ लिहून दिलं असतं तर तिने मुकाट्याने उतरवून घेतलं असतं. तिला फक्त एवढंच विचारलं, "तीनशे सतराला टोपल्या किती लागतील गं?" तिने होडीकडे पाहिलं. "टोपलीच नाहीये, बाई." मग स्वतःच सतरांतले दहा ओवले, चौथी माळ मधल्या खणात ठेवली आणि आकडा खोडला. प्रश्न असा विचारायचा, की मूल परत होडीकडे बघेल.

घरी खेळवणाऱ्या आई-बाबांनी शेजारी बसावं. पंधरा मिनिटं पुरतात. "बरोबर की चूक?" असं विचारण्याऐवजी "आता तुझ्याकडे किती माळा आहेत? एक सोडलीस तर सुटे किती होतील?" असं विचारा. फोन देऊन स्वयंपाकघरात गेलात तर मूल खेळ संपवेल, पण शिकेल याची खात्री नाही.

> तपासा: पुढच्या पातळीवर जायचं कधी? खेळाने दिलेले तारे बघू नका. वही बघा. चित्र, रकाने आणि आकडा हे तीनही सलग तीन थांब्यांवर जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तर तीच पातळी वेगळ्या संख्यांनी पुन्हा.

## टप्पा ७: होडीतून बाहेर

शिंपल्यांत आलं म्हणजे गणितात आलं, असं नाही. खेळ संपल्यावरच्या आठवड्यात तोच प्रश्न वेगळ्या वस्तूंत टाका. आता खेळातल्या नोटा काढा: १००, १० आणि १. दुकान मांडा, सुट्टे मागा, मोडून घ्या. माळ सोडलेल्या मुलाला दहाची नोट मोडणं नवं वाटत नाही. त्यानंतर कोरा आकडा, चित्र नाही, रकाने नाहीत.

'स्थानिक किंमत' आणि 'दर्शनी किंमत' हे शब्द इथे आणा, त्याआधी नाही. ३५२ मध्ये ५ ची दर्शनी किंमत ५, स्थानिक किंमत ५०. पाच माळा डोळ्यांसमोर असलेल्या मुलाला हे एका वाक्यात कळतं. बाकीची मुलं पाठ करतात आणि परीक्षेत दोन्हींची अदलाबदल करतात.

टप्पा १ मधली तीनही कामं आता पुन्हा द्या, वेगळ्या संख्यांनी. सोळाऐवजी चोवीस काड्या, तीनशे पाचऐवजी चारशे आठ आणि सहाशे साठ. जोडीला दोन नवे प्रश्न: '५ दशक आणि १३ एकक म्हणजे किती?' आणि '१२० मध्ये एकूण दशक किती?' दुसऱ्याला बरीच मुलं दोन म्हणतात, कारण दशकस्थानी २ दिसतो. त्यांना चौथी पातळी पुन्हा खेळवा, या वेळी टोपली सोडून तिच्यातल्या माळा मोजायला लावा.

हीच चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा घ्या, काहीही न सांगता. ज्यांचं विसरलेलं दिसेल त्यांना थेट टॅब देऊ नका. दोन तास काड्या, मग ओहोटीची पातळी, मग वही. ज्यांचं पक्कं राहिलंय त्यांना खेळ पुन्हा देण्याची गरज नाही. त्यांच्याकडून नवीन थांबा रचून घ्या: नेरुळला होडी थांबली, कोणी किती मागितले, होडीत किती होते, काय सोडावं लागलं. थांबा रचणाऱ्याने उत्तर आधी काड्यांनी तपासायचं, मगच दुसऱ्या जोडीला द्यायचं.